करारराव गप्प बसतात

"आज-उद्या करार होतोय, लिहून ठेव," असं बायकोला बजावल्याशिवाय शिंपीबुवांचा सकाळचा चहा घशाखाली उतरत नसे. दुकानासमोरच्या छोट्या कंपनीने धूर न सोडणारं इंजिन बनवलं होतं. ते बनवण्याचा परवाना एखाद्या मोठ्या कारखान्याने घेतला, की भागधारकांचं भाग्य उजळणार होतं. दुकान वाढवायची सगळी पुंजी बुवांनी बायकोला न विचारता त्या कंपनीच्या शेअर्समध्ये घातली होती. तेव्हापासून कारखानेवाले येत, इंजिन बघत, मान डोलवत आणि जात. गिऱ्हाइकाची छाती मापता मापता बुवा त्याला कराराची बातमी देत, म्हणून आख्खी गल्ली त्यांना करारराव म्हणे.

बायको आतल्या खोलीत काजं करत हे सगळं ऐके आणि ओठ मुडपून हसे. तिच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "तुमचं बरोबर होतं हो" एवढं ऐकायचं, यासाठी करारराव जीव टाकत होते. पैसे काय, मिळाले तर हवेच होते.

आणि एका सकाळी कंपनीचे साहेब स्वतः दुकानात आले. "नवा कोट हवाय. गुरुवारी सह्या आहेत," ते कुजबुजले. "पण कुणाला अवाक्षर बोलू नका. बोभाटा झाला तर समोरची पार्टी पळेल."

करारराव आनंदाने घामाघूम झाले. पण पोटात काही राहत नाही, हा आपला गुण ते ओळखून होते. त्यांनी मूठभर टाचण्या घेतल्या, ओठांत धरल्या आणि मशीनवर मान घातली.

थोड्याच वेळात निवृत्त मास्तर डोकावले. त्यांच्याही पेन्शनीतला बराचसा भाग त्या इंजिनात होता. "काय करारराव, कधी होतोय?"

"हं."

"हं म्हणजे?"

"हं."

मास्तर तडक औषधवाल्याकडे गेले. "अहो, करारराव बोलत नाहीये!"

"काय सांगता! परवा दाढ काढली तेव्हासुद्धा बोलत होता की तो." औषधवालाही भागधारकच. तो रक्तदाबाचं यंत्र घेऊन धावत आला. दंडाला पट्टा गुंडाळत त्याने हळूच विचारलं, "खरं सांग, कंपनी ठीक आहे ना?"

करारराव दचकले आणि एक टाचणी ओठात रुतली. डोळ्यांत टचकन पाणी आलं. औषधवाल्याने ते पाणी पाहिलं, पट्टा तसाच दंडावर सोडला आणि शेअर दलालाचं घर गाठलं. मास्तर त्याच्या आधीच तिथे पोचले होते.

दुपारपर्यंत गल्लीतल्या प्रत्येकाने इंजिनावर पाणी सोडलं. भाव कोसळला. मग दलालाचा कराररावांनाच फोन आला. "काका, झाडून सगळे विकताहेत. तुमचं काय?"

करारराव मनाशी हिशेब करू लागले. मास्तर रोज चार पेपर वाचतात. औषधवाल्याचा मेव्हणा बँकेत आहे. एवढी शहाणी माणसं उगाच विकतील? साहेबांचं काय, बुडता माणूसही ऐटीत कोट शिवून घेतो! त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "विकून टाक बाबा माझेही. पण घेतंय कोण?"

"आहे कुणीतरी. येईल ते घेतंय."

गुरुवारी सह्या झाल्या. कंपनीच्या दारात फटाके वाजले. मास्तर पायरीवरच बसले आणि औषधवाल्याने स्वतःचाच रक्तदाब मोजला. करारराव कात्री हातात धरून नुसते उभे होते. तेवढ्यात बायको आतून आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमचं बरोबर होतं हो."

इतकी वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली, ते असे कानफटात बसतील असं कराररावांना वाटलं नव्हतं. त्यांना रडू आलं. "अगं, मी विकून बसलोय सगळं!"

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मीच घेतलेत. माझ्या शिवणाचे साठवलेले पैसे होते थोडे. भाव एवढा पडला की तेवढ्यात तुमचेही आले, मास्तरांचेही आले."

"पण तुला कळलं कसं?"

"तुम्ही रोज करार करार करत होतात, तोवर मी निर्धास्त होते की काही व्हायचं नाही. तुम्ही गप्प बसलात, तेव्हा म्हटलं, आता नक्की!" तिने त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि पदराने त्यांचे डोळे पुसले. "रडताय काय? घरातच आहेत ना?"

पायरीवरून मास्तरांनी क्षीण आवाजात विचारलं, "करारराव, आता पुढं काय हो?"

कराररावांनी एकदा बायकोकडे पाहिलं.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "मालकीणबाईंना विचारा."