सिमेंटचा साग

खांडबाऱ्याच्या छगनशेठच्या घरात त्या दिवशी फणी सापडत नव्हती. दगूबाईने देवळी पाहिली, उतरंड हलवली, लेकीच्या वेणीत अडकली आहे का तेही चाचपून पाहिलं. शेवटी मोकळ्या केसांनीच ती बाहेर आली, तर नव्या घराच्या ओट्यावर भिकन गवंडी ओल्या सिमेंटच्या खांबाची वेणीफणी करत बसलेला!

"भिकन! मन्ही फणी!"

"थांबा शेठानी, सागले रेषा काढी ऱ्हायनू."

याला दगूबाईचाच हट्ट कारण होता. जुन्या घराचं लाकूड वाळवीने खाल्लं, तेव्हा छगनशेठने शपथच घेतली की नव्या घरात लाकडाची काडी लावणार नाही. सुरतेहून रेल्वेने सिमेंटची पोती आली. खांडबाऱ्यात तेव्हा सिमेंटचं घर म्हणजे अप्रूप. बाजाराच्या दिवशी लोक भिंतीला हात लावून पाहायचे. पण दगूबाई अडून बसली. "ओटाले सागना चार खांब पायजेच. बिनखांबना ओटा म्हंजे बिनकुकूनं कपाय!" आता साग आणायचा तर जंगलखात्याचा पास हवा, आणि पास काढायचा तर जोड्यांचे तळ झिजायला हवेत. तेव्हा भिकन म्हणाला, "शेठ, मी सिमिटनाच साग करी देस. दखतच ऱ्हाशात!"

आणि खरोखरच लोक दखतच राहिले. भिकनने फणीने रेषा ओढल्या, अंगठ्याने गाठी उठवल्या, गेरू आणि जवसाच्या तेलाचे हात दिले. वरच्या वार्निशात त्याने सागाचा भुसा कालवला, म्हणून वाससुद्धा सागाचा. एका खांबाला त्याने उभी चीर पाडली आणि दुसऱ्याला भुंग्याचं भोक ठेवलं. एक खरा भुंगा त्या भोकावर दोन दिवस डोकं आपटून शेवटी चिडून निघून गेला.

पहिला पाहुणा म्हणाला, "वा शेठ, काय साग शे!" छगनशेठ नुसता हसला. लबाडी म्हणावी अशी त्यात काही नव्हती. दुसऱ्याने विचारलं, "कोठला?" तेव्हा तोंडातून निघून गेलं, "नवापूरकडला." तिसऱ्यापर्यंत त्यात अमावास्येला केलेली तोड आली, पाचव्यापर्यंत रात्रीच्या बैलगाड्या आल्या आणि दहाव्याला सांगताना एका नाल्यात गाडी रुतून बैल गुडघ्यावर बसल्याचा प्रसंग छगनशेठने इतका रंगवला की त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं.

या कीर्तीवरच लेकीला, मीनाला, स्थळ चालून आलं. नंदुरबारकडच्या एका गावच्या रूपचंद पाटलांचा मुलगा. पाटलांच्या वाड्याला आठ शिसवी खांब होते आणि लाकडाची त्यांना भारी पारख, असं सगळे म्हणत. सोयरीक जुळवताना ते मुलीआधी घराचे खांब पाहतात, असंही म्हणत.

ठरल्या दिवशी पाटील बैलांच्या दमणीतून उतरले, ओट्यावर चढले आणि सरळ खांबाला टेकून बसले. पाटलांनी खांबावरून हात फिरवला, नाक लावून वास घेतला.

"व्वा! असा साग आते दखाले बी भेटत नई. मी एकच जानस शेठ, ज्याना घरना खांब पोकय, त्याना शबद बी पोकय."

"खरं शे, खरं शे," पोकळ खांबाचं नाव निघताच छगनशेठ म्हणाला आणि त्याने धोतराच्या सोग्याने कपाळ पुसलं.

मीना चहा घेऊन आली, पाटलांना पसंत पडली. सुपारी फुटणार, तोच अंगणात खाकी पट्टा दिसला. जंगलखात्याचा गार्ड रायसिंग. छगनशेठच्या गाड्या नाल्यात रुतल्याची कथा नाले ओलांडत त्याच्यापर्यंत पोचली होती.

"छगनलाल, या सागाचा पास दाखवा. आणि लाकडावर सरकारी हातोड्याचा शिक्का कुठे आहे?"

खरं सांगावं तर सोयरीक जाणार, खोटं रेटावं तर बेड्या. "साहेब, जरा आतमा या," म्हणत त्याने रायसिंगला धान्याच्या कोठीआड नेलं आणि कानाशी लागून म्हणाला, "देवनी आन, ते सिमिट शे."

रायसिंगने कपाळावर हात मारला. "छगनलाल, माझा जन्म जंगलात गेला. सागाला लोकांनी माझ्यासमोर आंबा म्हटलं, बाभूळ म्हटलं, एकाने तर एरंड म्हटलं. पण सिमेंट? माझे डोळे फुटलेत का?"

तो तरातरा बाहेर आला आणि सगळ्यांसमोर गरजला, "हे म्हणतात, खांब सिमेंटचे आहेत!"

ओट्यावर हशा पिकला. शेजारचा चुनीलाल तर उठून उभाच राहिला. शेठची अब्रू वाचवण्याची हीच वेळ, असं त्याला वाटलं. "साहेब, मन्हा डोयासमोर गाड्या उन्यात! एकेक खांबले चार चार बैल व्हतात!"

"चुनीलाल," छगनशेठ दात ओठ खात म्हणाला, "तू तवय सुरतले व्हता ना?"

"मंग काय व्हयनं? बैलसना आवाज तठेलोंग उना!"

"साक्षीदार मिळाला," रायसिंग म्हणाला. "खांब काढा. जप्त!"

"काढशात कसा? घर पडी ना!"

"मग घर जप्त!"

पाटील एकदा गार्डकडे, एकदा खांबाकडे पाहत होते. त्यांच्या हातातली सुपारी तशीच राहिली होती. इतका वेळ दाराआड उभी असलेली दगूबाई मात्र आता पदर खोचून बाहेर आली. तिच्या हातात लोखंडी कडीचं मुसळ होतं.

"सोयरीक ग्यी ते दुसरी भेटी, घर ग्यं ते कोठे ऱ्हासूत?" असं म्हणून तिने पहिल्या खांबावर मुसळ हाणलं. गाठीगाठींचा रंगीत पापुद्रा उडाला आणि आतून राखाडी सिमेंट दिसलं. दुसऱ्या खांबावर हाणलं. सिमेंट. तिसऱ्यावर हाणलं. सिमेंट तर दिसलंच, पण मुसळाचीही दोन शकलं झाली.

रायसिंगने खाली पडलेला तुकडा उचलला, चावून पाहिला आणि थुंकला. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. चुनीलाल हळूच उठून सुरतेला जावं तसा नाहीसा झाला.

"ठीक आहे," रायसिंग टोपी सारखी करत म्हणाला. "चौथा पाहायची गरज नाही. सिमेंटवर जंगलखात्याचा हक्क नाही." दोन पायऱ्या उतरून तो थांबला. आजच्या फजितीची भरपाई कुठेतरी करायला हवी होती. "रूपचंद पाटील तुम्हीच ना? तुमच्याकडे आठ शिसवी खांब आहेत म्हणे. परवा येतो. पास काढून ठेवा."

तो गेला. छगनशेठ हात जोडून पाटलांसमोर उभा राहिला. "पाटील, मी लबाड बोलनू. पोरना त्यामा काय गुन्हा नई. मी पोकय, मन्हा खांब पोकय. ह्या दखा, ह्या चौथा बी सिमिटना!" आणि पश्चात्तापाच्या भरात त्याने कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलून चौथ्या खांबावर घातली.

खच्च! कुऱ्हाड आत रुतली ती निघेचना. वरून सिमेंटची खपली गळाली आणि आत पिवळंधमक लाकूड दिसलं.

"भिकन!" छगनशेठ असा ओरडला की मागच्या दारी चूल थापणारा भिकन थापी घेऊन धावत आला. त्याने खांब पाहिला आणि थापी पाठीमागे लपवली.

"हाई काय शे?"

"साग शे, शेठ."

"साग? मन्हा घरमा?"

"तुमनाच जुना घरना. एकच खांबले वाळवी लागेल नव्हती. सिमिटनं एक पोतं पानीमा भिजीसन दगड व्हयी गयं, सांगतू ते तुम्ही माले झोडतात. मंग तो खांब उभा करी दिना. तुम्ही सांगं व्हतं, लाकूड दिसाले नको. म्हनीसन वरथून सिमिट थापं. मंग तुम्हीच सांगं, सिमिट दिसाले नको. म्हनीसन त्यावर साग रंगाडा."

छगनशेठला हसावं की रडावं कळेना. पण रूपचंद पाटील ताडकन उठले. ते चौथ्या खांबाजवळ गेले, खपली नखाने उकरून पाहिली. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"भिकन, लाकूडवर सिमिट इतलं पक्कं बसस?"

"बसस ना पाटील. गार्ड आते हाऊ खांबजवळच उभा व्हता."

"आठ खांब परवापावत व्हतीन?"

"सिमिट व्हई ते व्हतीन."

पाटलांनी छगनशेठचा हात दोन्ही हातांत धरला. "शेठ, सोयरीक पक्की. पोर आमनी व्हयनी. फक्त उरेल सिमिट आनि ह्या मानूस, दोन्ही आत्ते मन्हा दमनीमा टाका."

परसातल्या कामासाठी मागाहून आणलेली पोती चढली, भिकन पोत्यांवर बसला. दगूबाईने पाटलांच्या हातावर साखर ठेवली, बैलांनी माना हलवल्या. दमणी फाटकाबाहेर पडली, तोच पाटलांनी मागे वळून भिकनला दम भरला,

"एक ध्यानमा ठेव, भिकन! सिमिट थापं का हात धुई टाक. त्यावर परत शिसम रंगाडू नको!"