पाच पायल्या गहू

"कुरडया करणं म्हणजे काही यज्ञ नाही बाबा," असं ज्योत्स्नाने जाहीर केलं, तेव्हा घरात ऐकायला एकच माणूस होता आणि तोही पेपर वाचत होता.

मधुकररावांनी पेपरच्या वरून पाहिलं. "यंदा नाई करत वं कुरोड्या. घरात गमी झाली का वर्षभर वाळवण घालत नाई. यशोदाबाई देतील ताटापुरत्या."

"आईच्या ताटात मागून आणलेली कुरडई?"

यावर मधुकररावांनी पेपरची घडी केली, पुन्हा उघडली, आणि भलतंच पान समोर आलं तरी तेच वाचत राहिले.

गोष्ट सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातली, वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतली. अनुसयाबाईंना जाऊन सात महिने झाले होते. अक्षय तृतीयेला आपल्याकडे पितरांसाठी घागर भरतात, ताट वाढतात. पुरणपोळी, आमरस, वडे, आणि कुरडई तर हवीच. यंदा त्या ताटाशी पहिल्यांदा अनुसयाबाईंचं नाव घ्यायचं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी ज्योत्स्ना, वय पस्तीस, लग्न झालेलं नाही, अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, रजा घेऊन आली होती ती एवढ्यासाठीच. आईच्या कृतीची, स्वतःच्या हाताने घातलेली एक तरी कुरडई त्या ताटात पडली पाहिजे. या सुट्टीकडून तिला दुसरं काही नको होतं.

आता खरं सांगायचं तर आयुष्यात तिने कुरडई दोनच अवस्थांत पाहिली होती, डब्यात आणि ताटात. लहानपणी वाळवणाच्या दिवसांत तिला आजोळी धाडत, आणि पंधराव्या वर्षापासून ती होस्टेलात. सुट्टीत घरी पोचेपर्यंत वाळवणं वाळून, डब्यांत भरून, झाकणं लागलेली असत. पण तिच्याकडे आईची वही होती. साठ पानी, तेलकट कोपऱ्यांची. लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी द्यावी. पन्ह्याची कैरी चुलीच्या राखेत भाजावी, चव वेगळी येते. आणि पान तेविसावर: "कुरडया. गहू पाच पायल्या. तीन रात्री भिजवणे. पाणी रोज बदलणे."

ग्रंथपालाने हस्तलिखितावर शंका घ्यायची नसते. तिने पोत्यातला गहू मापला. पाचवी पायली भरताना पोत्याचा तळ दिसला, तेव्हा तिला जरा चुकल्यासारखं वाटलं. पण आईला माणसं जेवू घालायची हौस होती, हे काही तिला नवीन नव्हतं. अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत गहू पडला.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. मे महिन्यातला गहू भिजला की तो घरात वेगळा पाहुणा असल्यासारखा वागतो. सगळ्या खोल्यांत त्याचा वास फिरायला लागला. कूलर तर तो वास ओढून थेट झोपलेल्या माणसाच्या तोंडावर मारत होता. मधुकरराव उपरणं नाकाला लावून पडून राहत.

या दोन दिवसांत गल्लीतली एक बाई फाटकातून आत आली नाही. यशोदाबाई रस्त्यावरून जाताना मान हलवायच्या आणि पुढे निघायच्या. सुलोचनाबाईंची सून कोकिळा तर पाहून न पाहिल्यासारखं करायची. आई असताना याच बाया दिवसभर पायरीवर बसलेल्या असत. सात महिन्यांत गल्लीने आईला पुसून टाकलं, असा ज्योत्स्नाने निष्कर्ष काढला. टाकीतलं पाणी तेवढं बदललं.

तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून शेजारच्या प्रभाकररावांचं नाक वर आलं, मागून प्रभाकरराव.

"मधुकरराव, तुमच्याकडं उंदीर मेला का?"

"नाई. पोरीनं गहू भिजवला."

"किती?"

"पाच पायल्या."

"पाच?" प्रभाकरराव म्हणाले, आणि जेवढ्या घाईने आत गेले, तेवढ्या घाईने ते घराला आग लागली असती तरी गेले नसते.

त्याच दुपारी ज्योत्स्नाने गहू तीन घमेल्यांत भरून, सायकलरिक्षा करून, ओलं दळण काढणाऱ्या चक्कीवर नेला. चक्कीवाला श्रावण घमेल्यांकडे पाहून म्हणाला, "ताई, लग्न निघालं वाट्टे घरी?"

ज्योत्स्ना घामाने भिजली होती, हात दुखत होते. ती कसंनुसं हसली आणि खाली पाहू लागली. पस्तिशीच्या बाईने या प्रश्नावर खाली पाहिलं की आपल्याकडे तारीख सोडून सगळं ठरलं असं धरतात.

गल्लीचा हिशोबही सरळ होता. गमीच्या घरी वाळवण होत नाही. झालं तर एकाच कारणाने, मुलीच्या रुखवतासाठी. आई गेली की मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकावं लागतं, नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं. पस्तिशीच्या पोरीला आणखी तीन वर्षं थांबवेल असा बाप गल्लीला माहीत नव्हता. शिवाय पाच पायल्या. दोन माणसांच्या घरी पाच पायल्या कोण खाणार?

संध्याकाळी चीक गाळून, चोथा पिळून, ज्योत्स्नाने घरातले सगळे मोठे गंज, पातेली भरून ठेवले. पहाटे वरचं पाणी ओतलं. खाली पांढराशुभ्र चीक, आणि तो एवढा की त्यात एखादं लहान मूल पोहलं असतं. मीठ-हिंगाचं पाणी उकळलं. मधुकरराव गुडघे सांभाळत सांडशीने गंज धरून बसले. तिने चीक ओतला आणि डाव फिरवला.

वहीत लिहिलं होतं: "गुठळी होऊ देऊ नये." कशी होऊ देऊ नये, ते लिहिलं नव्हतं.

पहिला घाणा म्हणजे पेढ्यांची आमटी झाली. तरी तिने तो सोऱ्यात भरून स्लॅबवर कशाबशा अकरा कुरडया घातल्या. बारावीला सोऱ्या अडला. हाताला फोड आला. खाली चार गंज चीक वाट पाहत होता आणि ऊन वर चढत होतं. दहा वाजेपर्यंत झालं नाही तर सगळा आंबणार. ज्योत्स्ना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. आई असती तर काय म्हणाली असती, हे आठवून पाहिलं. आठवेना. तिला एकदम भीती वाटली ती त्याची.

तेवढ्यात फाटक वाजलं. यशोदाबाई, सुलोचनाबाई आणि कोकिळा, तिघींच्या हातात एकेक सोऱ्या.

"काऊन वं," यशोदाबाई दारातूनच म्हणाल्या, "माय गेली म्हनून आमी बी मेलो का? रुखवताच्या कुरोड्या एकटी करून राह्यली. बापाले गंज धराले लावला."

"रुखवत?" ज्योत्स्ना म्हणाली.

"हाव बाप्पा, लाजून घे. वर्षाच्या आत करून राह्यले, चांगलं केलं. इकडं दे तो डाव."

ज्योत्स्नाने नाही म्हणायला तोंड उघडलं. यशोदाबाईंनी तोवर पदर खोचला होता. डाव गंजात असा फिरत होता की चीक काचेसारखा चमकायला लागला. ज्योत्स्नाने ते पाहिलं. आता लग्न नाही म्हटलं, तर गमीच्या घरचं वाळवण म्हणून या हात धुऊन निघून जाणार. चीक नालीत, ताट रिकामं. तिने तोंड मिटलं.

पहिली साडी अंगणातच, मधुकररावांच्या गंजाशेजारी अंथरली गेली. खोटं बोलायची ज्योत्स्नाला सवय नव्हती. पण कुरडया घालताना तोंड रिकामं असतं, आणि कोकिळाचं जास्तच.

"नाव तं सांगा ताई."

"रूपराव." ग्रंथालयात पुस्तक परत न करणाऱ्यांच्या यादीत हे नाव वर्षानुवर्षं पहिलं होतं.

"गाव?"

"समुद्रपूर."

"करते काय?"

"वाचतो."

"वाचते तं ठीक. पन करते काय?"

"शिकवतो. आणि वाचतो."

"लय बोलते का?" सुलोचनाबाईंनी विचारलं. त्यांचे यजमान लय बोलत.

"नाही. कमी बोलतो. विचारलं तर नीट सांगतो." ज्योत्स्नाने साडीची चुणी सरळ केली. "चहा स्वतः करून घेतो. मलाही देतो."

सुलोचनाबाईंचा सोऱ्या मध्येच थांबला. अर्धी कुरडई तशीच लोंबत राहिली. "सोता करते?"

"हो. आणि कप विसळून ठेवतो."

"असा मानूस समुद्रपूरले हाय," सुलोचनाबाई कोकिळाला म्हणाल्या, "आन आपन इथं काय करून राह्यलो."

ज्योत्स्नाला थांबता येईना. रूपराव संध्याकाळी फिरायला जातात, आजारी माणसाजवळ न कंटाळता बसतात, असं ती सांगत गेली. गंज धरून बसलेले मधुकरराव मान खाली घालून सगळं ऐकत होते. ती साडी भरून बाया वर स्लॅबवर गेल्या तेव्हा ते हळूच म्हणाले, "मले सांगतलं असतं तं मी काई नाई म्हनलं नसतं, बेटा."

ती त्यांच्याकडे वळली, तोच भिंतीवर प्रभाकरराव उगवले. "समुद्रपूर? माही बहीण तिथंच हाय. चौकशी करतो." ज्योत्स्ना "राहू द्या काका" म्हणेपर्यंत त्यांची लुना एसटीडी बूथच्या वाटेला लागली होती.

त्यानंतरचा तासभर ज्योत्स्नाने जेवढ्या झपाट्याने चीक घाटला, तेवढ्या झपाट्याने तिने परीक्षेचे पेपरही कधी लिहिले नव्हते. स्लॅबवर साड्यांमागून साड्या भरत गेल्या. एक गंज संपला. दुसरा, तिसरा. चौथ्याच्या तळाशी एक घाणा उरला आणि लुनाचा आवाज आला.

प्रभाकरराव सरळ स्लॅबवर आले. "भेटला. बहिणीनं फोनवर बलावून आनला. तिच्या वार्डात रूपराव एकच हाय."

"मंग?"

"वय एकाहत्तर. बायको वारली. तीन नातू. मी इचारलं, बोरगावात लग्न ठरलं काय तुमचं? तं तो म्हनते, तारीख कोनती?"

स्लॅबवर कोणी हसलं नाही. सगळ्यांनी ज्योत्स्नाकडे पाहिलं. जिन्यात अर्ध्यावर मधुकरराव उभे होते, त्यांनीही पाहिलं.

"लग्न नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "कोणीच नाही. आईच्या ताटात माझ्या हातची कुरडई ठेवायची होती. सांगितलं असतं तर तुम्ही गेल्या असत्या."

यशोदाबाईंनी सोऱ्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आन मंग पाच पायल्या काऊन?"

"वहीत लिहिलंय. आईच्या."

"अवं, ते पाच घरचं हाय. एका घरची एक पायली. तुमची टाकी मोठी म्हनून सारा गहू इथं भिजे."

ज्योत्स्नाने स्लॅबभर पसरलेल्या साड्यांकडे पाहिलं. "मग यंदा तुम्ही कुठे केल्या?"

"कुठी? कोनीच नाई केल्या." यशोदाबाई दुसरीकडे पाहू लागल्या. "चला वं गहू भिजवाले, असं कोन म्हनन? ते तुही माय म्हने. गमीच्या घरी आपन होऊन कसं याव? तू बलावशील म्हनून रोज फाटकाकडं पाहे मी. तू आपली टाकीत तोंड घालून."

"गमीच्या घरचं वाळवण पन..." सुलोचनाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"झालं ना आता. एक घाना रायला, तो काय ढोराले घालाव?" यशोदाबाईंनी सोऱ्या उचलला. "पन ऐक वं ज्योत्स्ना. मायच्या ताटात ह्या चांगल्या नको ठेवू. त्या तुह्या सकाळच्या गाठीच्या अकरा हायेत ना, त्यातली ठेव."

दोन दिवसांनी कुरडया वाळल्या आणि घरोघरी गेल्या. चार घरच्या चार पायल्या गेल्या, डबे खणखणले, आणि घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. बाया पायरीवर दोन दिवस बसल्या, तिसऱ्या दिवशी त्यांना त्यांची कामं होती.

अक्षय तृतीयेला ज्योत्स्नाने गाठीची कुरडई तळली. एका बाजूने ती फुलली, दुसऱ्या बाजूने दगड राहिली. तिने ती पुरणपोळीवर ठेवली. मधुकररावांनी पाणी सोडलं आणि अनुसयाबाईंचं नाव घेतलं. घेताना एकदा अडखळले. मग दोघं जेवायला बसली. दोन ताटं, मध्ये आमरसाचं पातेलं, ते दोघांना फारच मोठं.

मधुकररावांनी कुरडई मोडली.

"तो समुद्रपूरचा," मधुकरराव ताटाकडे पाहत म्हणाले, "खरंच कोनी नाई का?"

"नाही बाबा."

"नाई, मी आपलं इचारलं." त्यांनी कुरडईचा तुकडा आमरसात बुडवला. "चहा सोता करते म्हनत होती तू. मले बरा वाटला होता."

ज्योत्स्नाने त्यांना आणखी रस वाढला. खरं तर तिलाही तो बरा वाटला होता.