थंडीचं चौथं चरण

आमच्या कडावचे दामूभावजी समोरच्याचं बोलणं ऐकत नाहीत, बोटांवर मोजतात. कर्जतच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला साखर आहे, गोड बंद करा आता." भावजी खुलले. "बाई, आठ-आठ अक्षरं. चोख बसलं." पुढचं पथ्य काही त्यांनी ऐकलं नाही.

मी लग्न होऊन शेजारी आले तेव्हा स्वतःला मोठी कवयित्री समजायचे. थंडीला बंडी जुळवली की टाळ्यांची वाट बघत मान तिरकी करून उभी. भावजींनी ऐकलं आणि म्हणाले, "वैनी, यमक आलं. थंडी नाय आली." मी आठवडाभर त्यांच्याकडे ताक पाठवलं नाही. कवयित्रीचा सूड तेवढाच.

त्यांची स्वतःची कविता थंडीवरच. दर हिवाळ्यात पोपटीच्या दिवशी एक कडवं. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा. मडकं उपडं, भोवती जाळ. कडवं पुरं झाल्याशिवाय मडकं जाळातून काढायचं नाही, हा त्यांचा कायदा.

हल्ली कडवीही रोडावलीत. दव पडत नाही, शेंगा भरत नाहीत. यंदाच्या पोपटीला आम्ही पदराने वारा घेत बसलो होतो. भावजींनी तीन चरणं म्हटली:

पौष आला घाईघाई,
कुठे गेली थंडीबाई?
वाल उभा वाट पाही,

आणि अडले. कुणी पंखा सुचवला, कुणी एसी. कुणाचं अक्षर जास्त, कुणाचं यमक लंगडं. भावजी एकेकाला मोडीत काढत होते. करपल्याचा वास सुटला. माझी सून कुजबुजली, "आई, काहीतरी म्हणा, नायतर आज उपाशी."

मी म्हटलं, "गोधडीला काम नाही."

त्यांनी बोटं मोजली. पुन्हा मोजली. मी मान तिरकी केलीच. खोड जात नाही.

"बसलं, वैनी," ते जाळाकडे बघत म्हणाले. "कमळनं शेवटची शिवलेली गोधडी पेटीतच हाय. म्हनायची, कडाक्याची थंडी पडंल तवाच काढा, उगा मळवू नका. ती गेल्यापासून तशी थंडीच नाय पडली गं."

कमळ त्यांची बायको.

मग त्यांनी काठीने मडकं बाहेर ओढलं. निम्म्या शेंगा कोळसा झाल्या होत्या. आम्ही घाम पुसत, त्यातल्या बऱ्या शोधून भावजींच्या पानात टाकत राहिलो.