बावीस मिनिटांचं विमान

"डबा आणू नकोस," असं मिलिमीटररावांनी बायकोला फोनवर सांगितलं आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

नकाशे काढण्याच्या कचेरीत या माणसाची उभी हयात गेली होती. (कचेरीतल्यांनी असलं नाव उगाच नाही ठेवलं.) बदली झाली एका आडगावी, बायको दुसऱ्या आडगावी माहेरी. दोन्हीकडे विमानतळ म्हणजे एक धावपट्टी आणि एक पत्र्याची शेड.

"मी आपली बसनं येते," बायको म्हणाली. "घाटाघाटांतून चौदा तास तर चौदा तास. विमानाची मला भीती वाटते हो."

"अगं, नकाशावर मोजलंय मी! एकशे चौऱ्याऐंशी किलोमीटर. ताशी पाचशे धर. बावीस मिनिटं आणि पाच सेकंद. तू डोळे मिटून बस, उघडशील तेव्हा समोर मी! सहा अंडी उकडून आणतो, इथेच खाऊ."

(वेळापत्रक विचारावं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. नकाशा होता ना!)

विमान तिकडून दहाला सुटलं. दहा बावीसला हे डबा घेऊन कुंपणापाशी हजर. आकाश रिकामं. पावणेअकराला त्यांचा धीर सुटला. विमानतळावरचा एकुलता एक माणूस, जो तिकिटं फाडायचा आणि सामानही उचलायचा, तो तेव्हा धावपट्टी झाडत होता.

"अहो, दहाचं विमान कुठंय?"

"उतरलं असेल कुठंतरी," तो झाडता झाडता म्हणाला.

कुठंतरी! मिलिमीटररावांच्या पायाखालची जमीनच सरकली. हात आपोआप डब्यात गेला. आपणच तिला बळंबळं विमानात बसवलं. बसनं आली असती तर उलट्या करत का होईना, जमिनीवर असती! दर वीस मिनिटांनी ते रिकामं आकाश बघायचे आणि दर वेळी हात डब्यात जायचा. बारा वाजता त्यांनी हात जोडले. "देवा, ती सुखरूप येऊ दे. जन्मात पुन्हा बायकोला आकडा सांगणार नाही!"

एक वाजता घरघर ऐकू आली. विमान आलं, तेही भलत्याच दिशेनं. बायको उतरली, केस विस्कटलेले, पण अख्खी. मिलिमीटरराव धावत सुटले आणि तिचा हात धरून चारचौघांत घळाघळा रडले.

"आलीस गं! काय झालं होतं?"

"व्हायचंय काय? टपालाचं विमान ते. पाच गावांत पोती टाकत आलं! एकीकडे पायलटनं चहासुद्धा घेतला. आणि मी वेडी प्रत्येक वेळी डोळे मिटून बसले. पाच वेळा उघडले, पाचही वेळा समोर परका पुरुष!"

मिलिमीटररावांना रडता रडता हसू फुटलं. जीव भांड्यात पडला होता.

"भीती तिसऱ्या गावातच गेली," ती म्हणाली. "आता नुसती भूक उरलीय. आणा तो डबा."

तिनं झाकण उघडलं. आत टरफलं होती.

"किती खाल्लीत?"

मिलिमीटरराव गप्प. देवाला शब्द दिला होता, आकडा सांगायचा नाही.

"सहाच्या सहा, वहिनी," झाडूवाल्यानं परस्पर सांगून टाकलं.