रक्ताचा पाट आटला आणि घड्या बिघडल्या, ते वर्तमान

श्रीहृदय समर्थ, ज्याचे ठोक्यावर सर्व राज्ये नांदती. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, भागीरथी नामे गृहिणीचे मेंदूत, आठवणींचे प्रांती, एक पेशीराज्य होते.

“श्वास घ्यायची पंचाईत, आणि म्हणे घड्या घाला!” ऐसे चिमाबाई पुटपुटली. ही राज्याची घडीकरीण. तेथे प्रथिने हीच वस्त्रे. माग विणीत, आणि चिमाबाई घडी घाली, आणि घडी नीट बसली तरच वस्त्र कामास येई. त्या दिवशी रक्ताचा पाट आटला, मग इंधन सरले, मग माग थांबले, आणि घातलेल्या घड्याही सुटून एकमेकींत गुंतल्या. मग पाट पुन्हा वाहू लागला आणि कारभारी रायाजीपंतांनी नगारे वाजविले. माग मात्र मुकेच.

चिमाबाईने बहिणी-भाच्या झाडून बोलाविल्या, तरी गुंता आवरेना. दरबारची रीत अशी की, ‘घडी बिघडली’ म्हणू नये, ‘घडी विसावली’ म्हणावे. आणि त्या वस्त्रावर शिक्का मारावा, मग हमालांनी ते मोडीत न्यावे. हमालांस त्राण नव्हते. तरी पंत शिक्क्यावर शिक्के मारवीत राहिले, आणि न उचललेल्या वस्त्रांचा गोळा ऐसा वाढला की त्यात वस्त्र थोडे नि शिक्के फार. मग त्यावर गालिचा घातला आणि पंत वर लोडास टेकल्यासारखे बसले.

“चिमाबाई, जरा हात चालवा की.”

“आधी उठा पंत. माझं काम तुमच्याच बुडाखाली आहे.”

राज्याचे जामदारखान्यात एकच ठेव होती: भागीरथीबाईंची थोरली बहीण आक्का, तिची हाक. राज्य बुडाल्यास हाक बुडे. शेजारराज्यी वेळेत धाडावी, तर राज्य बुडते आहे हे आधी म्हणावे कोणी?

मग एके दिवशी पेशीच्या गाभ्यात राहणारे महाराज स्वये आले आणि पुसते जाहले, “घड्या कैशा आहेत?”

“विसावल्या आहेत, महाराज,” पंत वदले.

चिमाबाईने पदर खोचला आणि गालिचा ओढला. पंत कोलमडले. कोणी हसले नाही.

“विसावल्या नाहीत, महाराज. बिघडल्या. आता राज्य काही राहत नाही. आक्कांची हाक तेवढी शेजारी धाडा.”

सारांश, महाराजांनी हाक शेजारी धाडिली आणि राज्य बुडाले. रुग्णालयी भागीरथीबाईंनी डोळे उघडिले आणि सुनेस पुसिले, “आक्कानं हाक मारली का गं?” वर्तमान इतुकेच.