आप्पांच्या आगाऊ इच्छा

आपल्या म्हातारपणाची सोय माणसाने वेळेवर करून ठेवावी, यावर सर्व विचारवंतांचे एकमत आहे. ती वेळ कोणती, एवढ्यावरच मतभेद आहेत.

उदारीकरणाची फळे दिंद्रुडला जरा उशिरा, पण क्रमाने मिळाली. आधी शांपूची पुडी आली, मग थंड पेयाची बाटली, मग पिवळा एसटीडी बूथ. आणि नवे शतक उजाडल्यावर तालुक्याला, म्हणजे माजलगावला, इंटरनेट आले. त्याच सुमारास दिंद्रुडचे कापड दुकानदार महारुद्रआप्पा विसरू लागले. (या दोन घटनांचा परस्परसंबंध सिद्ध झालेला नाही.)

आप्पा आधी भाव विसरले, मग गिऱ्हाइकांची नावे, मग एका दुपारी घरचा रस्ता. हे वाढतच जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले. धाकटा रवि दुकान पाहत होता. थोरला केदारनाथ पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत होता, त्यामुळे उपाय त्याच्याकडेच असणार, हे उघड होते. दिवाळीला तो परदेशातल्या एका संकेतस्थळाचा पत्ता घेऊन आला. विसरणाऱ्या माणसाने भान असेपर्यंत आपल्या पुढच्या इच्छा तिथे नोंदवायच्या: कुठे राहायचे, नळीने अन्न द्यायचे का, आपल्या वतीने कोणी ठरवायचे. सोय अत्यंत शास्त्रीय होती. विसरणाऱ्याने फक्त एक पासवर्ड लक्षात ठेवायचा होता.

माजलगावच्या सायबर कॅफेत सगळे दाटीवाटीने बसले. "आप्पा, असा एक शब्द सांगा, जो तुम्ही कधीच विसरणार नाही," केदारनाथ म्हणाला.

आप्पांनी पुष्कळ विचार केला. "इसरलो," ते म्हणाले.

तोच शब्द ठेवण्यात आला.

"तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं काय?" केदारनाथने पहिला प्रश्न मराठीत वाचला आणि उत्तर टाइप केले: उत्तम वैद्यकीय देखभाल.

"दुकान लिही की बे," रवि म्हणाला.

"मला इचारलं का?" आप्पांनी विचारले.

"तुमच्याच इच्छा भरायलोत, आप्पा. मधी बोलू नका," रवि म्हणाला.

दुसरा प्रश्न राहण्याचा होता. केदारनाथच्या मते पुण्यात अशा माणसांसाठी चांगल्या संस्था होत्या. रविच्या मते लोक तोंडावर थुंकले असते. "मग तू सांभाळ," केदारनाथ म्हणाला. "दुकान सांभाळू का आप्पाला?" रवि म्हणाला. दोघांचेही वडिलांवर सारखेच प्रेम होते, आणि सेवेची संधी दुसऱ्याला मिळावी, असा दोघांचाही आग्रह होता. आवाज चढले, तेव्हा उरलेली चर्चा करायला ते समोरच्या हॉटेलात चहाला गेले.

मागे आप्पा आणि त्यांची पत्नी दानम्मा उरली.

"परमेश्वरा, काय इचारतंय रं ह्ये?" तिने विचारले. (परमेश्वर हे कॅफेच्या मालकाचे नाव होते.)

"पुढं कसं करायचं, ते इचारतंय, काकू."

दानम्मा नवऱ्याकडे वळली. तिने विचारलेला प्रश्न संकेतस्थळावर नव्हता.

"आवं, उद्या मला वळखलंच न्हाई तर मी काय करू?"

"नाव सांग तुजं," आप्पा म्हणाले.

"तरी न्हाई वळखलं तर?"

"परत सांग. गिऱ्हाईक घेणार न्हाई, कळायचं. तरी मी तागे उलगडून दावायचो का न्हाई? तसं."

"आन दवाखाना?"

"नगं. घरी ओट्यावर बशीव. तुज्या हातानं जेवू घाल. खाईन तेवडं खाईन."

दानम्माने डोळ्यांना पदर लावला.

"काकू, ह्ये कुठल्या खान्यात टाकू?" परमेश्वरने विचारले. तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि पडदा काळा पडला. मुलगे परतले. पुढच्या दिवाळीला ठरवायचे, असे त्यांचे ठरले होते.

दोन वर्षांनी आप्पांना न्यूमोनिया झाला. त्यातून उठले, पण गिळणे अवघड झाले. बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाकातून नळी घालण्याबद्दल विचारले. रविने पुण्याला फोन लावला. "थांब, साइटवर बघून सांगतो," केदारनाथ म्हणाला. पासवर्ड त्याला पाठ होता. 'इसरलो'चे इंग्रजी स्पेलिंग काय केले होते, तेवढे आठवेना. तीन प्रयत्नांनंतर आप्पांच्याच सुरक्षिततेसाठी साइट बंद झाली.

"मला इचारा. मला म्हाईत हाय," दानम्मा म्हणाली.

"लेखी आहे का?" डॉक्टर म्हणाले.

"न्हाई. सांगितलंय त्यांनी."

रविने फोन ठेवला. मग तो जीप आणायला गेला.

आप्पा घरी आले. रोज सकाळी ओट्यावर त्यांना खीर भरवताना ती सांगे, "मी दानम्मा." आप्पा आदबीने म्हणत, "या, बसा." ती बसे. असे पुष्कळ दिवस चालले. शेवटच्या आठवड्यात मात्र एकदा ते वैतागून म्हणाले, "लई येळा सांगितलंस. म्हाईत हाय की!"

दानम्मा हे अख्ख्या गल्लीला सांगून आली.

संकेतस्थळ धडधाकट माणसांसाठीही खुले आहे, असे कळते. सुज्ञ वाचकांनी लाभ घ्यावा. हे वाचताना आपल्या घरातले एक नाव तुमच्या डोळ्यांसमोर लगेच आले असेल. ते तुमचे स्वतःचे नाही, एवढे मी पैजेवर सांगतो.