शेऱ्याचा रकाना

देविदासभाऊंच्या कीबोर्डवर डिलीटच्या बटणाला औषधाच्या बाटलीचं झाकण चिकटवलेलं होतं. "चुकून बोट पडलं तं मानूसच जाते," असं ते सांगत. टायपिंग चुकलं तर बॅकस्पेसनं एकेक अक्षर मागं घेत. "हे सबुरीनं काम करते. ते दुसरं आडदांड हाय."

मंगरूळपीरला आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ते नोंदणीला, मी व्यवस्थापक. पेशंटच्या यादीत शेवटचा रकाना शेऱ्याचा. बाकीचे तिथं 'मधुमेह' लिहीत. भाऊ लिहीत, 'डाव्या कानाशी बोला.' 'सुनेचा विषय काढू नये.' 'कामरगावची जीप चुकली तर रडते.'

मग नवी प्रणाली आली. खासगी शेरे ठेवायचे नाहीत, उतरवूनही घ्यायचे नाहीत. त्या दिवशी चारच्या आत रकाना रिकामा झाला नाही, तर यादी नव्या प्रणालीत जाणार नव्हती. आणि यादी अडली की दुसऱ्या दिवशीची ऑपरेशनं अडणार होती.

पावणेचार वाजले तरी भाऊ खुर्ची सोडेनात.

"भाऊ, उठा. मी करतो."

"काहून? नावं तेवढी ठेवून राह्यले अन् मानसं पुसून राह्यले. कायले?"

"साहेब, दहाच मिनिटं!" फोनवर संगणकवाला ओरडत होता. डॉक्टर दोनदा डोकावून गेले. भाऊ मात्र एकेक शेरा पुटपुटत खाली सरकत होते. शेवटी माझा आवाज चढला.

"एका रकान्यापायी उद्या कोणाचे डोळे अडवता, भाऊ?"

ते थांबले. नखानं झाकण उपटलं, अख्खा रकाना निवडला आणि स्वतःच बटण दाबलं. पडद्यावर वरपासून खालपर्यंत पांढरी पट्टी उरली. यादी गेली तेव्हा चारला दोन मिनिटं होती.

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण भाऊंनी तोवर उद्याच्या यादीतल्या पहिल्या बाईंना फोन लावला होता. आमच्या त्या जुन्या फोनमधलं बोलणं टेबलापलीकडेही ऐकू येतं.

"मावशी, दवाखान्यातून देविदास बोलतो. उद्या सोबत कोन येते तुमच्या?"

"कोनी नाही रे बापू. तुले तं ठाऊक राहाते. आज इचारून राह्यला?"

"भुललो, मावशी."

"भुलशीनच. तुह्या घरी तरी हाय का कोनी, आठवन करून द्याले?"

भाऊंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुमी या उद्या," मग हळूच म्हणाले. "मी जीपपाशी उभा राहातो."